उतरा, दरवाजा आला

महिपती केदारी डोलीच्या मागच्या उजव्या टोकाला असायचा. भाज्याच्या डोलीवाल्यांत जागा ठरलेल्या असत, त्या सहसा बदलत नसत. पुढं डावीकडं अंबाजी, पुढं उजवीकडं नथू, मागं डावीकडं महिपतीचा मेहुणा सोपान, आणि मागं उजवीकडं महिपती. अठरा वर्षं तो त्या टोकाला होता. त्याच्या आधी त्याचा बाप त्याच टोकाला होता.

डोली म्हणजे वेताची खुर्ची, दोन लांब बांबूंना काथ्यानं आवळलेली. चार टोकं, चार खांदे. रविवारी सकाळी मळवलीच्या स्टेशनात गाडी लागली की लोणावळ्याला हवापालटाला आलेली माणसं उतरत. त्यांना लोहगड बघायचा असे. तरणी पोरं पायी सुटत. पोट सुटलेले, दम लागणारे, नव्या बुटांनी टाचा सोललेले डोलीत बसत. स्टेशनावरून भाजे, भाज्यावरून गायमुखाची खिंड, खिंडीतून लोहगडवाडी, वाडीवरून गड. मोकळ्या माणसाला अडीच तास लागत, डोलीला चार.

मागच्या गड्याला वाट दिसत नाही. त्याच्यासमोर खुर्चीची पाठ असते आणि खाली स्वतःचे पाय. म्हणून पुढच्यानं बोलत जायचं. ‘डावा’ म्हणजे डाव्या पायाला दगड आहे. ‘ओलं’ म्हणजे घसरेल. ‘वळन’ म्हणजे आता बांबू फिरणार. मागच्यानं प्रत्येक वेळी ‘व्हय’ म्हणायचं. ‘व्हय’ आलं नाही तर पुढच्यानं पाऊल टाकायचं नाही. आणखी दोन शब्द होते, ते वर बसलेल्याला कळू द्यायचे नसत. माणूस हलका असला तर ‘भुसा’. जड असला तर ‘मीठ’. ओल्या मिठाचं पोतं ज्यानं पाठीवर घेतलंय, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आणि एक रीत होती. गडाच्या पहिल्या दरवाज्यापाशी डोली खाली ठेवायची. नथूनं हात जोडून म्हणायचं, “उतरा साहेब, दरवाजा आला. देवाचा दरवाजा हाय. हितनं आपल्या पायानं जायाचं. खांद्यावरनं जातं ते मढं.”

मढं म्हटल्यावर भलेभले उतरत. दरवाज्याशेजारी एक शेंदूर फासलेला धोंडा होता, त्याला नमस्कार करत आणि धापा टाकत चारही दरवाजे चढत. वर गेल्यावर पुन्हा बसायचं असेल तर बसा. तिथं कुणाची ना नव्हती.

तो शेंदूर महिपतीच्या आज्यानं लावलेला. दर दिवाळीला डोलीवालेच नवा लावत.

महिपतीनं वीस-बावीस वर्षांचा असताना वळवणच्या धरणावर दोन वर्षं माती वाहिली. पाटी भरताना ओझं कळत नाही, उतरून ठेवल्यावर पायाला कळतं, हे तो तिथं शिकला. नंतर मानमोडीच्या साथीत घरातली दोन माणसं गेली आणि तो भाज्याला परत आला. बापानं तेव्हा डोली सोडलेली होती. म्हातारा घराच्या पायऱ्या आडवा होऊन उतरायचा, चौकटीला धरून, एकेक पाय खाली सोडत. उकिडवं बसता येत नव्हतं. महिपतीला आपलं टोक देताना बाप म्हणाला, “दरवाज्याचं तेवढं सोडू नगं. चार दरवाजं, तीन वळनं. वळनावर पुढचे वर जात्यात, बांबू तिरपा व्हतो, आन समदं वजन मागच्याच्या गुडघ्यात उतरतं. तुझ्या आज्यानं साहेब लोकास्नी सांगून बगितलं, गुडघं दुखत्यात म्हून. कोन ऐकतंय? मग त्यानं शेंदूर लावला. देवाचं ऐकत्यात.”

ही गोष्ट चौघांनाही ठाऊक होती. बोलत कुणी नव्हतं.

सदतीस सालच्या पौषात एका रविवारी श्रीपादपंत स्वतः गाडीनं मळवलीला आले. लोणावळ्यात त्यांची खानावळ होती, वर चार खोल्या भाड्यानं देत. डोलीला माणूस बहुधा त्यांच्याकडूनच यायचा. त्यांच्याबरोबर पुण्याचे माधवराव होते, नुकतेच पेन्शनीत निघालेले, गळ्याला मफलर, हातात काठी. अंगानं चांगलेच भरलेले. मागं त्यांची बायको इंदिराबाई, पन्नाशीच्या अलीकडची, सडसडीत.

पंतांनी महिपतीला बाजूला घेतलं. “साहेबांना थेट वर न्यायचं. मध्ये ती उतरवाउतरवी नको. मागच्या खेपेचे एक जण चिडून गेले माझ्याकडून.”

“पंत, रीत हाय ती,” महिपती म्हणाला.

“रीत तुमची. गिऱ्हाईक माझं. जमत नसेल तर कार्ल्यात डोलीवाले आहेत.”

एवढं सांगून पंत परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले.

“बाईसाहेबांना दुसरी डोली सांगू का?” नथूनं विचारलं.

“मी चालणार आहे,” इंदिराबाई म्हणाल्या.

“चालशील खिंडीपर्यंत,” माधवराव खुर्चीत बसत म्हणाले, “आणि मग बसशील रडत.”

“रडले तर तुम्ही उतरा आणि मला बसवा.”

अंबाजीनं हसू मुंडाशात लपवलं. चौघांनी बांबू खांद्यावर घेतले. “मीठ,” नथू पुढून म्हणाला. “व्हय,” मागून दोघं म्हणाले.

भातं निघून गेलेली. खाचरांत वाळलेली बुडखं उभी होती, खळ्यांवर पेंढ्याची उडवी. भाजे मागं पडलं आणि चढ लागला. महिपतीला खुर्चीची पाठ दिसत होती आणि इंदिराबाईंची पावलं ऐकू येत होती. पहिला अर्धा तास बाईनं फार घाई केली. थोडं पळायचं, मग थांबायचं, मग पुन्हा पळायचं. शहरातलं माणूस असंच चढतं. चढ म्हणजे उरकून टाकायचं काम वाटतं त्याला. तिनं चपला काढून हातात घेतल्या, मग बोरं तोडायला थांबली, मग पदर काट्यात अडकला म्हणून थांबली. माधवराव वरून इतिहास सांगत होते. समोरच्या मुंडाशांकडं बघत सांगत होते, कारण डोलीतल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही.

खिंडीच्या अलीकडं महिपतीनं मागून आवाज दिला. “बाईसाहेब, पाऊल ल्हान टाका. बोलू नगा. नाकानं दम घ्या.”

“कुणाला सांगतोस रे?” माधवराव म्हणाले.

“मला सांगतायत,” इंदिराबाई म्हणाल्या, आणि पुढं बोलल्या नाहीत.

खिंड ओलांडल्यावर पावलांचा आवाज बदलला. लहान पडू लागला, सारखा पडू लागला. दम खाली बसला. आता ही बाई वर जाईल, महिपतीनं ओळखलं.

दरवाज्यापाशी डोली टेकली. नथूनं हात जोडले. “उतरा साहेब, दरवाजा आला. देवाचा...”

“माहीत आहे मला ही भानगड,” माधवराव म्हणाले. “पंतांनी सांगितलंय. अरे, याच दरवाज्यातून पूर्वी पालख्या जात होत्या. मेणे जात होते. ती काय मढी होती? तीस वर्षं कचेरीत काढली मी, असल्या खुळ्या समजुती मला सांगू नका. कुठला देव, तो दाखवा. दाखवलात तर उतरतो.”

नथूनं अंबाजीकडं बघितलं. अंबाजीनं जमिनीकडं. पालख्यांचं कुणाला सुचलंच नव्हतं इतक्या वर्षांत.

सोपान हळूच म्हणाला, “न्हेऊ या दाजी. येकडाव. पंत हाकलंल.”

“उचला,” माधवराव म्हणाले.

तीन टोकं उठली. चौथं जमिनीवरच राहिलं. खुर्ची कलली, माधवरावांनी दोन्ही हातांनी वेत धरला आणि ओरडले. तिघांनी घाईनं खाली ठेवली. तिघांनी डोली चालत नाही.

महिपती वळसा घालून समोर आला. अठरा वर्षांत वर बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर तो पहिल्यांदा उभा राहिला.

“साहेब, तुमी बराबर बोलला. हे देवाचं न्हाई.”

“दाजी!” सोपान म्हणाला.

“मग कशाचं आहे?” माधवरावांनी विचारलं.

“गुडघ्याचं.”

“काय?”

“गुडघ्याचं हाय. आमच्या. वर तीन वळनं हायती. वळनाला मागच्या दोगांच्या गुडघ्यात तुमी, खुर्ची आन बांबू, समदं येकदम येतं. माझा बाप ह्याच पायऱ्यांनी पांगळा झाला. शेंदूर आमीच लावतो. दिवाळीला.”

माधवराव मोठ्यानं हसले. “ऐकलंस का इंदिरे? इतकी वर्षं लोकांना फसवतायत!”

“फसवत व्हतो,” महिपती म्हणाला. “आज न्हाई फसवत.”

“बरं झालं. मग देव नाही म्हणतोस, तर न्यायला हरकत काय?”

“हरकत ही, की मी न्हेनार न्हाई.”

माधवरावांचं हसू थांबलं. “मी उतरणार नाही.”

“बसा की. खुर्ची चांगली हाय.”

महिपती पायरीवर बसला. बाकीचे तिघं उभेच राहिले, कारण बसलं तर त्याच्या बाजूनं झाल्यासारखं होईल आणि बांबूला हात लावला तर साहेबाच्या. वरच्या तटावरून घारी घिरट्या घालत होत्या. पायी आलेली पोरांची एक टोळी दंगा करत दरवाज्यातून वर गेली.

इंदिराबाईंनी चपला खुर्चीच्या पायाशी ठेवल्या. “वर काय काय आहे हो?”

“टाकी हायती. देऊळ हाय. आन पार टोकाला विंचूकाटा,” महिपती म्हणाला. “डोंगराची सोंड हाय, लांब. दोनी अंगाला काई न्हाई.”

“दाखवाल?”

“इंदिरे, बस इथं गप,” माधवराव म्हणाले.

“तुम्ही बसलाच आहात,” इंदिराबाई म्हणाल्या, आणि दरवाज्यातून आत गेल्या. महिपती उठून पुढं झाला.

चार दरवाजे बाईनं न थांबता चढले. पठारावर वारा लागला तसा पदर कमरेला खोचला. विंचूकाट्यावर उतरायला एक कातळाचा टप्पा आहे. तिथं महिपतीनं हात दिला नाही. खाली उतरून तो नुसता सांगत राहिला, कारण हात दिला की माणूस हातावर भरवसा ठेवतं, पायावर नाही. “तोंड कातळाकडं करा. उजवा पाय खाली. आनखी खाली. हाय तितं खाच. आता बोटं सोडा.” बाईच्या कोपराला खरचटलं. ती उतरली.

सोंडेच्या टोकाला पोरं आधीच बसलेली होती. डावीकडं तुंग, तिकोना, खाली पवनेचं खोरं, नदीचा एक तुकडा उन्हात चमकत होता. बाई पोरांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“पंधरा वर्षं लोणावळ्याला येतेय मी,” ती म्हणाली. “दर खेपेला खानावळ, बाजार आणि गाडीची वेळ. हे इथंच होतं.”

“इथंच व्हतं,” महिपती म्हणाला.

“तुमचं काय, तुम्ही रोजच बघत असाल.”

“गडावर दर रविवारी येतो. काट्यावर ही चवथी खेप.”

“चौथी? इतक्या वर्षांत?”

“मानूस वर देवळापाशी बसलेला असतो. त्याला टाकून कसं येनार.”

हे बोलल्यावर महिपतीलाच ते नवीन वाटलं. त्यानं तुंगाकडं नीट बघून घेतलं.

दोन तासांनी ते खाली आले तेव्हा माधवराव खुर्चीतच होते. डबा सगळा संपवलेला होता. तिघं डोलीवाले लांब सावलीत.

“झाला गड बघून?” त्यांनी विचारलं.

“माझा झाला. तुमचा राहिला.”

माधवराव खुर्चीतून उतरले नाहीत. महिपतीनं आपलं टोक खांद्यावर घेतलं. दरवाज्याच्या खालून स्टेशनापर्यंत न्यायचं ठरलं होतं, तेवढं नेलं, नेहमीच्या पावलानं, प्रत्येक ‘डावा’ला ‘व्हय’ म्हणत.

माधवरावांनी मात्र गाडीत आणि खानावळीत शेंदराची गोष्ट रंगवून सांगितली. आठ दिवसांत लोणावळ्यात सगळ्यांना कळली. पंतांनी निरोप धाडला: डोली चालू ठेवायची तर महिपती नको.

सोपान घरी आला तो तावातावानंच. “खोटं बोलून पायऱ्या वाचत व्हत्या दाजी. खरं बोलून काय मिळालं? आता जो बसंल तो वरपातुर बसून जाईल. तुमी सुटलात, आमी अडाकलो.”

सोपानचं खोटं नव्हतं.

भाऊ गेल्यावर महिपतीची बायको झुंबरबाई चुलीपुढून म्हणाली, “अठरा वर्सं त्वांड बांदून चाललात, येक दिस मोकळं सोडलंत, तर घरात ह्यो उजेड पाडलात.” भाकरी उलटली. मग म्हणाली, “ती बाई वर गेली का?”

“गेली.”

“कशी चालली?”

“पैल्यांदा लय घाई केली. मग सुदारली.”

पुढच्या रविवारी महिपतीच्या टोकाला कार्ल्याचा एक गडी आला, शिदू नावाचा, चाळिशीचा. त्यांनी एका व्यापाऱ्याला चारही दरवाज्यांतून थेट वर नेलं. काही झालं नाही. गड कोसळला नाही, कुणी मेलं नाही. सोपाननं परत येताना महिपतीला स्टेशनावर गाठून ऐकवलं, “न्हेलं बगा. काय झालं?”

“काय व्हायाचं व्हतं? कायतरी व्हईल असं मी कुटं म्हनलं? मी न्हेनार न्हाई, एवडंच म्हनलं.”

महिपती दर रविवारी स्टेशनावर जातच होता. खांदे मोकळे, हातात कोयता आणि पाण्याचा भोपळा. पायी निघालेल्यांना म्हणायचा, “वाट दावतो. चालायचं असंल तर.” पहिले दोन रविवार कुणी बघितलंही नाही. डोलीवाला पायी काय दाखवणार, असं लोकांच्या चेहऱ्यावर दिसे. तिसऱ्या रविवारी चार कॉलेजातली पोरं आली. त्यांना त्यानं शेजारच्या विसापूर गडावर चढवलं, तेही गायमुखाकडून नाही, पाटणच्या बाजूनं, रान तोडत. पोरं सोलवटून निघाली आणि खूश झाली.

माघात इंदिराबाई आल्या. बरोबर नणंद सुनेत्रा आणि तिच्या शाळेतल्या दोन मास्तरणी. माधवराव नव्हते. “यांना घाई करू देऊ नका,” इंदिराबाई महिपतीला म्हणाल्या, आणि स्वतः लहान पावलानं सर्वांत मागं राहिल्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दरवाज्याच्या मधल्या वळणावर त्या दम घ्यायला थांबल्या होत्या, तेवढ्यात खालून डोली वर आली. महिपतीनं बायकांना भिंतीला लागून उभं केलं. तो वरच्या पायरीवर होता, म्हणून मागच्या गड्यांचे चेहरे त्याला समोरून दिसले. हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. बघणार कसा, तो स्वतःच तिथं असायचा. सोपानच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठल्या होत्या. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. उजवा पाय पायरीवर होता आणि गुडघ्याच्या वर मांडीचं मांस आपोआप उडत होतं.

“वळन,” पुढून नथू म्हणाला.

मागून शिदूचं ‘व्हय’ आलं, सोपानचं आलं नाही. डोली तशीच अधांतरी थांबली.

“काय झालं? चला की!” वर बसलेले गृहस्थ म्हणाले.

दोन पावलं खाली उतरून बांबूला खांदा दिला असता तर सोपान सुटला असता. महिपतीचा खांदा आपोआप खाली झुकलाही. त्यानं तो सरळ केला. इथं खांदा दिला की तो पुढच्या रविवारीही द्यावा लागणार, आणि त्याच्या पुढच्याही.

“सोपाना,” तो म्हणाला, “ठिव खाली.”

सोपाननं मान हलवली. नाही.

“मग ‘व्हय’ म्हन. म्हटल्याबिगर नथू पाऊल टाकनार न्हाई. मरशील हितंच.”

“व्हय,” सोपान म्हणाला. डोली हलली आणि वळणाआड गेली.

चौथ्या दरवाज्यातून बाहेर पडल्यावर सुनेत्राबाईंनी विचारलं, “वर बसलेल्याला कळतं का हो हे?”

“कुनी सांगितल्यावर कळंल की,” महिपती म्हणाला.

त्याच दिवशी दिवेलागणीला सोपान घरी आला. उंबऱ्यापाशी थांबला, चौकटीला हात टेकला आणि मग आत आला. झुंबरबाईनं ते बघितलं आणि न बोलता तेल कोमट करायला ठेवलं. सोपाननं पाय लांब करून धोतर वर घेतलं. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता.

“रविवारी दरवाज्याखाली ठिवनार हाय,” सोपान म्हणाला.

“देवाचं सांगनार?”

“आता कोन ऐकतंय. गुडघ्याचंच सांगतो.”

“न्हाई उतरला तर?”

“तर बसू दे. आमी बी बसू.”

“आन तो कार्ल्याचा शिदू?”

“त्यानंच आदी काडलं. म्हनला, कार्ल्याला आमी असलं खपवून घेत न्हाई, तुमी भाजेकर कसे घेता.”

झुंबरबाई हसली. महिपती हसला नाही. तो सोपानचा गुडघा दाबून बघत होता, कुठं दुखतं, कुठं नाही.

“पंत दुसरे चार आनंल,” सोपान म्हणाला. “पवनेकडचे. त्यास्नी बी तितंच दरवाज्यापाशी गाठून सांगाया लागंल, वर न्हेऊ नगा म्हून. आमी आमच्या बांबूखाली असनार. तुमी असता का रविवारी तितं?”

“असतो,” महिपती म्हणाला.